बँकॉकचा राजवाडा साडेतीनला बंद होतो, सहाला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बँकॉकवर आलेला लेख वाचला. आमच्या सासूबाईंनी तर तो कात्रीने कापून त्यांच्या फाईलमध्ये ठेवला, त्या फाईलमध्ये पाककृती, आरोग्यविषयक सल्ले आणि आता बँकॉक. लेख छान आहे, फोटो तर फारच छान, पण त्यात लिहिलंय की ग्रँड पॅलेस संध्याकाळी सहापर्यंत बघता येतो, आणि ते वाचून मला राहवेना म्हणून हे पत्र. सहापर्यंत उघडं असतं ते वाट अरुण, नदीपलीकडचं देऊळ. राजवाड्याची तिकीट खिडकी सकाळी साडेआठला उघडते आणि दुपारी साडेतीनला बंद, त्यानंतर तुम्ही डोंबिवलीहून आलात की लंडनहून याच्याशी कोणाला काही देणंघेणं नसतं. तिकीट ५०० बाथ माणशी, म्हणजे आपले हजाराच्या वर रुपये, त्यामुळे लोक आधी बाकीचं बघू आणि मग निवांत इथे येऊ असं करतात आणि बंद दारासमोर सेल्फी काढून परत जातात. मला हे माहितीय कारण आम्ही पण तेच केलं.

आम्ही २०२४ च्या नोव्हेंबरात गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, मिस्टर, कॉलेजातला लेक आणि सासूबाई, वय ७२, उजवा गुडघा कायम कुरकुरणारा, गळ्यात माळ. त्याआधी मी आणि मिस्टर एकदा टूरवाल्यांबरोबर जाऊन आलो होतो, पहाटे सहाला वेकअप कॉल, बस, पट्टाया, एका रत्नांच्या कारखान्यात दीड तास कोंडून ठेवलं होतं आणि बँकॉक बघितलं ते बसच्या काचेतून, म्हणून ह्यावेळी ठरवलं की आपलं आपण जायचं. माझी तक्रार तुमच्यावर नाही, सगळेच असं लिहितात, कुठे जायचं ते सांगतात आणि कसं जायचं ते सांगतच नाहीत. ज्याचे पाय धड आहेत आणि इंग्रजी फाडफाड आहे तो कसाही पोचतो हो, पण बरोबर म्हातारं माणूस असलं की स्टेशनवर लिफ्ट कुठल्या बाजूला आहे हे देवळाच्या इतिहासापेक्षा जास्त महत्त्वाचं असतं.

तर तो राजवाड्याचा किस्सा. पहिलाच दिवस, त्यात सासूबाईंची कार्तिकी एकादशी. आवरून निघेपर्यंत अकरा वाजले, टॅक्सी केली, ट्रॅफिकमध्ये पाऊण तास गेला. राजवाड्याची पांढरी भिंत लांबच्या लांब, गेट कुठे कळेना, आम्ही फोनवरचा नकाशा गोल गोल फिरवत उभे, तेवढ्यात एक इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात आयकार्ड अडकवलेला माणूस हसत हसत आला. इंडिया? नमस्ते, मग शाहरुख खान. आज बुद्धिस्ट हॉलिडे आहे, दोन वाजेपर्यंत आत फक्त थाई लोकांना सोडतात, तोपर्यंत तुम्ही तीन देवळं बघून या, हा टुकटुकवाला माझ्या ओळखीचा, फक्त २० बाथ घेईल. नकाशावर पेनने गोल पण करून दिले. माणूस इतका सभ्य की मिस्टरांनी त्याला थँक्यू थँक्यू म्हणून दोनदा हात जोडले.

पहिलं देऊळ खरंच होतं, रिकामं आणि शांत. दुसरं देऊळ आलंच नाही, आलं ते दागिन्यांचं दुकान, मग एक सूट शिवणाऱ्याचं दुकान. एसीत बसवलं, थंड पाणी दिलं, नीलम दाखवले, आज टॅक्स फ्रीचा शेवटचा दिवस म्हणाले. आम्ही काही घेतलं नाही हे कळल्यावर टुकटुकवाल्याचा चेहरा जो पडला तो पडलाच, पुढच्या सिग्नलला म्हणाला उतरा, मला दुसरं काम आहे. नंतर हॉटेलातल्या मुलीने सांगितलं की गिऱ्हाईक आणून बसवलं तरी दुकानवाले ह्यांना पेट्रोलचं कूपन देतात, काही विकलं गेलं तर कमिशन वेगळं, म्हणून २० बाथ परवडतात. सासूबाई उन्हात फुटपाथवर पदराने वारा घेत म्हणाल्या, "अगं पन्नास रुपयात आपल्याकडं रिक्षावाला वळून बघत नाही, तेव्हाच समजायला पाहिजे होतं." चालत, विचारत, परत गेटला पोचलो तेव्हा पावणेचार झालेले. गेटजवळ इंग्रजीत बोर्डच लावलाय, अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका म्हणून. तो बोर्ड गेटजवळ आहे आणि तो माणूस कोपऱ्यावर उभा असतो, हीच तर गंमत आहे.

त्यामुळे एवढं लक्षात ठेवा, रस्त्यात कोणी आपणहून येऊन अमुक बंद आहे म्हणाला तर हसून पुढे चालत राहायचं आणि गेटपर्यंत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. राजघराण्याचा काही विधी असला तर राजवाडा कधीतरी खरंच बंद असतो पण ते त्यांच्या वेबसाइटवर आधी टाकतात, आदल्या रात्री बघून घ्या. आणि कपडे, गुडघे आणि खांदे झाकलेले पाहिजेत, साडी आणि पंजाबी ड्रेसला काही प्रॉब्लेम नाही, अडतात ते बर्म्युडावाले काका.

आता कसं जायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही शहाणे झालो आणि रस्ता सोडला. बँकॉकमध्ये हा एकच नियम आहे असं माझं मत झालंय, जिथे रूळ किंवा पाणी आहे तिथे रस्त्याने जायचं नाही. वरून जाते ती बीटीएस, १९९९ पासून चालू आहे, जमिनीखालून जास्त करून एमआरटी, ती २००४ ची, आणि नदीतून बोट. आम्ही हॉटेल अशोक नावाच्या स्टेशनजवळ घेतलं होतं, लिहितात असोक, तिथे बीटीएस आणि एमआरटी दोन्ही लागतात, सरकता जिना उतरलं की काम झालं. हॉटेल कुठलं घ्यायचं ह्यावर लोक आठवडाभर डोकं खपवतात, मी सांगते, स्विमिंग पूल कसा आणि नाश्ता कुठला हे नंतर, आधी स्टेशनपासून किती पावलं ते बघा.

दोन्ही गाड्यांची तिकिटं वेगवेगळी आहेत हे आधी कळत नाही आणि लोक गेटवर अडकतात. एमआरटीत आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप करायचं कार्ड चालतं, बँकेत आधी परदेशी व्यवहार चालू करून ठेवायचे फक्त, बीटीएसला मशीनमधून तिकीट काढायचं नाहीतर त्यांचं रॅबिट कार्ड घ्यायचं, त्याला पासपोर्ट मागतात. लिफ्ट सगळ्या स्टेशनांवर दोन्ही बाजूंना असेलच असं नाही आणि सरकता जिना बऱ्याच ठिकाणी फक्त वर जाणारा असतो, उतरायला साध्या पायऱ्या, त्यामुळे गुडघेवाल्यांनी गार्डला हाताने गुडघा दाखवावा, तो बरोबर लिफ्टकडे नेतो, भाषा लागत नाही. बाथरूमचं पण सांगून ठेवते कारण हे कोणी लिहीत नाही, एमआरटीच्या स्टेशनांत बहुतेक असतं, बीटीएसमध्ये स्टाफला विचारावं लागतं, आणि मॉलमध्ये कुठेही स्वच्छ असतं, पाण्याचा फवारा असतो, टिश्यूवर वेळ येत नाही.

गाडीत चढताना लोक जमिनीवरच्या बाणांमागे रांगेत उभे राहतात, आतले उतरेपर्यंत कोणी हलत नाही. मी रोज ८:१२ च्या लोकलने जाणारी बाई, मला दोन दिवस दारात कोपर काढायची सवय मोडता आली नाही. सासूबाईंना मात्र गाडीत वेगळाच आनंद झाला. अनाउन्समेंट होते "सथानी तो पाय" आणि मग स्टेशनचं नाव. त्या म्हणाल्या, हे स्थानी म्हणतायत की! खरंच, सथानी म्हणजे स्थानक, आपलंच संस्कृत, पुढचं स्थानक अमुक असा त्याचा अर्थ. मग त्यांचा खेळच सुरू झाला, राचथेवी म्हणजे राजदेवी, नखोन म्हणजे नगर, अहान म्हणजे आहार, त्यांचा नमस्कार सवातदी म्हणजे स्वस्ति. विमानतळ सुवर्णभूमी, पण टॅक्सीवाल्याला सुवर्णभूमी म्हटलं तर त्याला कळत नाही, सुवन्नफूम म्हणायचं. देवळाला वाट म्हणतात, त्यावर लेकाने "वाट लागली" हा एकच जोक सहा दिवस केला, त्याचं काही करता आलं नाही.

राजवाड्याला जायला एमआरटीचं सनाम चाय स्टेशन आहे, २०१९ ला झालं, आतून दरबारासारखं सजवलंय, पण तिथून राजवाड्याचं गेट गुडघेवाल्यांना लांब पडतं, हे स्टेशन वाट फो ह्या देवळाला जवळ आहे. राजवाड्याला बोट चांगली. बीटीएसने सयामला गाडी बदलून सफान ताक्सिनला उतरायचं, खाली लगेच साथोर्नचा धक्का. इथे सावध, पहिल्याच काउंटरवर टूरिस्ट बोटीचं महाग तिकीट गळ्यात मारतात, तुम्ही सरळ नारंगी झेंड्याची बोट विचारा, कुठेही उतरा १६ बाथ. ही त्यांची लोकल. बोट धक्क्याला पुरती टेकत पण नाही, मागे उभा असलेला पोऱ्या शिट्ट्या मारतो, एक लांब, दोन तुटक, त्यावर चालवणारा मागेपुढे करतो, दोर खांबाला अडकला की अर्ध्या मिनिटात सगळ्यांनी उतरायचं आणि चढायचं. माझ्या पोटात गोळा. त्या पोऱ्याने सासूबाईंकडे बघितलं, शिट्टी तोंडात तशीच, एक हात दंडाला एक हात कोपराला, आणि उचलून आत ठेवलं, अक्षरशः ठेवलं. आत कंडक्टर बाई हातात पत्र्याची लांब नळी घेऊन ती खुळखुळवत फिरते, त्यातच सुटे पैसे आणि त्यातच तिकिटाचा रोल, नळीच्या तोंडाने टुक करून तिकीट फाडते. सासूबाईंना ती नळी इतकी आवडली की धक्क्यावर उतरल्यावरही तेच चाललं होतं.

था छांगला उतरायचं, राजवाडा समोरच. आत गेलात की सोनं बघून सगळे डोळे विस्फारतात ते ठीक आहे, पण पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय, १७८ चित्रं, त्यांचं रामाकियेन, आणि बहुतेक लोक सावली म्हणून तिथून चालत जातात, भिंतीकडे बघत पण नाहीत. आम्हाला गाईड लागला नाही, सासूबाईच गाईड. रावणाला ते थोत्सकान म्हणतात, म्हणजे दशकंठ, रंग हिरवा. मारुती पांढरा शुभ्र. सेतू बांधायच्या चित्राशी आम्ही चांगली वीस मिनिटं होतो कारण तिथे मारुतीराया एका मत्स्यकन्येच्या मागे लागलेत. त्यांच्या कथेत ती रावणाची मुलगी, सुवन्नमच्छा, सेतूचे दगड चोरायला येते आणि मारुती तिच्या प्रेमात पडतो, मुलगा पण होतो त्यांना. लेकाने हे फोनवर वाचून दाखवल्यावर सासूबाई एकदम गप्प. मग म्हणाल्या, "आपला मारुती वेगळा," आणि तरी त्या चित्राला नमस्कार करून पुढे गेल्या.

तिथून वाट फो, झोपलेला बुद्ध ४६ मीटर लांब, तिकीट ३०० बाथ, मागच्या बाजूला १०८ वाट्या ओळीने मांडल्यात त्यात एकेक नाणं टाकत जायचं, आवाज पावसासारखा येतो. त्याच आवारात पारंपरिक मसाजची शाळा आहे, सासूबाईंनी आधी नको नको केलं आणि मग पायांचा मसाज घेऊन तिथेच झोपल्या. समोरच्या था तियेन धक्क्यावरून पलीकडे जायची होडी ५ बाथ, पलीकडे वाट अरुण, २०० बाथ, त्याच्या पायऱ्या उभ्या आहेत, गुडघेवाल्यांनी खालीच बसावं, खालून पण चिनीमातीच्या तुकड्यांची नक्षी छान दिसते. सकाळी साडेआठला राजवाडा धरलात तर हे सगळं एका दिवसात होतं, उलट्या क्रमाने होत नाही, हाच माझा मुद्दा.

खाण्याचं आता, कारण आपल्याकडे पहिला प्रश्न हाच असतो. तिथे "व्हेज" म्हटलं की भाज्या मिळतात हो, पण त्यात फिश सॉस असतो, ऑयस्टर सॉस असतो, आणि पपईच्या कोशिंबिरीत वाळलेला सुकट, ते लोक त्याला मांसाहार समजतच नाहीत, आपल्याकडे मीठ घालतात तसं ते आहे. फसवायचा हेतू नसतो. त्यांच्याकडे शब्द आहे "जे", कडक शाकाहार, त्यात कांदा लसूण पण चालत नाही. म्हणायचं "किन जे", आणि गाडीवर पिवळा झेंडा त्यावर लाल रंगात इंग्रजी सतरा लिहिल्यासारखं अक्षर दिसलं की तिथे बिनधास्त बसायचं. माळकरी, चातुर्मासवाले सगळ्यांची सोय एका शब्दात होते आणि हा शब्द मला एकाही टूरवाल्याने सांगितला नव्हता. दुसरा शब्द मांगसविरत, मांस आणि विरती, फोडून बघा, पण गाडीवर "जे" जास्त चालतं. अंडं नको असेल तर "माय साय खाय", फिश सॉस नको तर "माय साय नाम प्ला", शेवटी बाईने खा म्हणायचं आणि पुरुषाने ख्रब, नाहीतर उद्धट वाटतं.

एकादशीची मला भलती काळजी होती आणि तीच सगळ्यात सोपी निघाली. बर्फावर ठेवलेल्या फळांच्या काचेच्या गाड्या पावलोपावली, पेरू, अननस, कलिंगड कापून पिशवीत, वर काडी, बरोबर तिखटमिठाची पुडी. शहाळं. भाजलेली रताळी, उकडलेल्या शेंगा. सासूबाई म्हणाल्या, घरी साबुदाणा खाऊन पित्त होतं त्यापेक्षा हे बरं. इतर दिवशी आम्ही असोकच्या टर्मिनल २१ मॉलमधलं वरचं फूडकोर्ट धरलं, काउंटरवर कार्डात पैसे भरायचे, उरलेले निघताना परत मिळतात, भाव रस्त्यावरच्यासारखे आणि एसी. वरणभाताचीच आठवण आली तर सुखुमवितला आणि पाहुरतला हवी तेवढी भारतीय हॉटेलं आहेत, पाहुरतला मोठा गुरुद्वारा पण आहे. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात जरूर खा, हापूसची सर नाही त्या आंब्याला, पण भाताची कल्पना आपल्याला का सुचली नाही असं वाटतं. नळाचं पाणी पिऊ नका.

पैशाचं थोडक्यात. एटीएमला दर वेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त कापतात, थोडे थोडे काढत बसलात तर मेलात, आणि मशीनने "रुपयांत करू का" विचारलं तर नाही म्हणायचं, भाव वाईट देतात. रुपयांच्या नोटांना तिथे भाव कमी मिळतो. विमानतळावर बदलायचे असले तर अगदी खाली, एअरपोर्ट रेल लिंकच्या मजल्यावर जा, वरच्या मजल्यापेक्षा खालच्या काउंटरांचा भाव चांगला. तीच रेल्वे शहरात जाते, पण बॅगा आणि म्हातारं माणूस असेल तर टॅक्सी घ्या, तळमजल्यावर मशीनमधून चिठ्ठी निघते तिच्यावर गाडी कुठे उभी आहे तो नंबर असतो, मीटर ३५ बाथपासून, वर ५० विमानतळाचे आणि टोल आपण द्यायचा. शहरात बसायच्या आधी "मीटर" म्हणायचं, तो मान हलवून ४०० म्हणाला तर दार लावून पुढची, किंवा ग्रॅब नाहीतर बोल्ट ह्या अॅपवरून बोलवा. आणि तिकिटावर विमानतळ कुठला ते बघा, दोन आहेत, आमच्या बिल्डिंगमधले एक कुटुंब डॉन म्युआंगच्या विमानासाठी सुवर्णभूमीला जाऊन बसलं होतं.

व्हिसाचं म्हणाल तर २०२४ च्या जुलैपासून भारतीयांना ६० दिवसांची सूट दिली होती, पण हे तिथलं सरकार बदलत असतं, तिकीट काढायच्या आधी एम्बसीच्या साइटवर बघा, व्हॉट्सअॅपवर नाही. आम्ही गेलो तेव्हा नव्हतं पण १ मे २०२५ पासून एक डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, आणि ते पूर्ण फुकट आहे. माझ्या भाच्याने सर्च करून पहिल्या साइटवर भरलं आणि त्याच्याकडून डॉलरमध्ये पैसे कापले गेले, ती सरकारी साइट नव्हतीच.

आता एक गंभीर. येताना कोणाची बॅग, कोणाचं पार्सल, कोणाचं चॉकलेट आणू नका, कितीही गोड बोलला तरी. बँकॉकहून येणाऱ्या लोकांच्या बॅगेतून गांजा, साप, माकडं काय काय मुंबई विमानतळावर पकडलं जातं ते तुमच्याच पेपरात येतं. तिथे गांजाची दुकानं दिसतात म्हणून पोरं समजतात सगळं चालतं, आपल्याकडे तो गुन्हाच आहे, आणि व्हेप तर तिथेसुद्धा बेकायदा आहे, बॅगेत नेऊच नका. राजघराण्याबद्दल चेष्टा नको, कायदा फार कडक आहे, पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागतं तेव्हा सगळे जागच्या जागी थांबतात, आपणही थांबायचं. आणि कोणी बँकॉकला डेटा एंट्रीची नोकरी, टूरिस्ट म्हणून या, नंतर बघू असं सांगत असेल तर त्या पोराला आधी घरी बसवा, तिथून सीमेपलीकडे म्यानमारला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात, २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या वायुदलाने विमान पाठवून अशा २८३ जणांना परत आणलं. टूरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजी बोलतात, अँब्युलन्स १६६९, हे दोन फोनमध्ये आत्ताच टाका.

कधी जायचं हे पण लेखात नव्हतं. एप्रिलमध्ये सोंगक्रान, म्हणजे संक्रांतच, पाणी उडवतात, तरुणांना मजा, म्हाताऱ्यांना ऊन सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. आम्हाला तर योगायोगाने लॉय क्रथोंगचा सण मिळाला, तो येतो आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच. क्रथोंग म्हणजे केळीच्या खोडाची चकती, त्याभोवती केळीचं पान दुमडून पाकळ्या, मध्ये फूल, उदबत्ती, मेणबत्ती, आणि पाण्यात सोडायचं. नदीवर मरणाची गर्दी असते, म्हातारं माणूस घेऊन जाऊ नका, बागांमधल्या तळ्यात पण सोडतात, आम्ही हॉटेलजवळच्या तशाच एका तळ्यावर गेलो. बाहेर एक मुलगी खाली बसून पानं दुमडून टाचणीने अडकवत होती. सासूबाई तिच्यासमोर जाऊन बसल्या, गुडघा विसरून चक्क खाली बसल्या, आणि एक पान हातात घेऊन दुमडायला लागल्या. लहानपणी साताऱ्याकडे पत्रावळी लावलेल्या त्यांनी, बोटांना आठवत होतं. मुलीने टाचणी पुढे केली तर ह्या म्हणतात, "टाचणी नको, काडी दे, काडी," मराठीत, आणि तिने इकडेतिकडे बघून खरंच दात कोरायची काडी काढून दिली. त्या क्रथोंगचे पैसे ती घेईना. ब्रेडचे पण मिळतात, माशांना खायला म्हणून, पण पाणी खराब होतं म्हणतात, केळीचंच घ्या.

तर संपादकसाहेब, लेख लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा, फोटो खरंच सुंदर आहेत, फक्त ती वेळेची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा, चौकट छोटी असली तरी चालेल. सासूबाईंनी आत्ता त्यांच्या कात्रणावर सहा खोडून पेनने साडेतीन केलंय, पण बाकीच्यांच्या फाईलमध्ये अजून सहाच आहे.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)